खोला म्हणणाऱ्याची जागा

गोरक्षभाऊविषयी आमच्याकडं दोन गोष्टी सांगतात आणि दोन्ही अर्धवट सांगतात. एक म्हणजे तो स्लॅबशी बोलायचा. दुसरी म्हणजे तो एकदा एकाच वेळी पुण्यातही होता आणि नारायणगावातही होता. पहिली धादांत खोटी. तो माणसांशी धड बोलत नव्हता, स्लॅबशी काय बोलणार? दुसरीचं मी सांगतो, कारण त्या दिवशी कोण नेमकं कुठं होतं हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. मात्र मधे कुणी 'हौशीराम, तुझं आपलं काहीतरीच' असं म्हणायचं नाही. मी तापट माणूस आहे, अर्ध्यात उठून जाईन.

मी वारूळवाडीचा. बारावी झालो आणि मंचरला जाऊन बांधकामाचा एक वर्षाचा कोर्स केला. त्या सर्टिफिकेटचा मला एवढा माज होता की ते फ्रेम करून मी देवघराशेजारी टांगलं. झुंबर, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "उदबत्ती पन ववाळा की त्याला." ती कामावर पाणी मारायला यायची. म्हणजे स्लॅब भरला की तो वाळू नये म्हणून त्याच्यावर रोज पाणी सोडायचं.

गोरक्षभाऊ चौथीपर्यंत शिकलेला. येडगाव धरणाच्या वरच्या अंगाला त्याच्या लोकांची वस्ती. बाप मेंढरं घेऊन दिवाळी झाली की कोकणात उतरायचा. एका वर्षी रोग आला, मेंढरांचा वाडा निम्मा रिकामा झाला, आणि एक्क्याण्णव साली ऐन विशीतला गोरक्ष कालव्याच्या कामावर घमेली उचलायला लागला. तिथं त्याला जानकू मिस्त्री भेटला.

जानकू मिस्त्री आंबेगावच्या बाजूचा, डिंभ्याच्या धरणाकडचा. सुकलेल्या शेंगेसारखा माणूस, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्याची शिकवायची तऱ्हा सांगितली तर तुम्ही हसाल. तो काही शिकवतच नसे. भरलेल्या स्लॅबखाली न्यायचा, शिकणाऱ्याचा हात वर करून त्याचा तळवा स्लॅबच्या पोटाला लावायचा, त्या हातावर आपला हात ठेवायचा आणि म्हणायचा, "डोळं मीट." मग दहा मिनिटं, कधी अर्धा तास, दोघं तसेच उभे. शेवटी विचारायचा, "कळलं?" हो म्हणणाऱ्याच्या पाठीत धपाटा बसायचा. नाही म्हणणाऱ्याला म्हणायचा, "बरं. उद्या."

मीही तेव्हा त्याच कामावर होतो. मी ते चार दिवस केलं आणि सोडून दिलं. हात भरून येतो राव! आणि माझ्याकडून कोर्समधे तक्ता पाठ करून घेतला होता, कुठला स्लॅब किती दिवसांनी खोलायचा त्याचा. तक्ता असताना हात कशाला लावायचा? गोरक्षनं मात्र दोन वर्षं हात लावला. तिसऱ्या वर्षी एका सकाळी तो डोळे मिटल्या मिटल्या म्हणाला, "मिस्त्री, वरनं वाळलंय. पोटात अजून वलं हाय." जानकूनं त्याच्या हातावरचा आपला हात काढून घेतला आणि पुन्हा कधी ठेवला नाही. झालं शिक्षण.

जानकूचा एक नियम होता आणि त्याच्या हाताखालून गेलेला प्रत्येक माणूस तो पाळायचा. स्लॅबखाली शंभर-दीडशे बल्ल्यांचा, म्हणजे उभ्या लाकडांचा आधार असतो. सिमेंटनं जोर धरला की त्या काढायच्या, त्याला आम्ही स्लॅब खोलणं म्हणतो. लवकर खोलला तर स्लॅब डोक्यावर येतो, इतकं सरळ आहे. तर नियम असा, की ज्याच्या तोंडून 'खोला' निघेल त्यानं आधी स्लॅबखाली मधोमध जाऊन उभं राहायचं. शेवटची बल्ली निघेपर्यंत हलायचं नाही. मग तो साहेब असो, ठेकेदार असो की देव असो. एकदा एका इंजिनियरनं बाहेर सावलीतून 'खोला' म्हटलं, तर जानकू खडीच्या ढिगावर जाऊन बसला आणि त्यानं विडी पेटवली. सगळे मजूर त्याच्या शेजारी जाऊन बसले. दोन तासांनी इंजिनियर आला मुकाट खाली.

सत्त्याण्णव साली आम्ही नारायणगावच्या पुढं एका शाळेचं काम करत होतो. दुपारचे तीन वाजले असतील. गोरक्षभाऊ स्लॅबखाली हात लावून, डोळे मिटून उभा, आणि मी शेजारी वही घेऊन त्याची वाट बघत कंटाळलो होतो. अचानक तो हळूच म्हणाला, "मिस्त्री, कवा आला?" मी मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं. त्याच्या हाताकडं बघितलं तर त्या हाताची वरची कातडी चार ठिकाणी दबलेली होती. आपण कुणाचा हात घट्ट धरला की बोटांखाली पांढरं पडतं ना, तसं. मी बघत होतो तोवर ते पांढरं तसंच होतं, मग हळूहळू रक्त परत आलं. संध्याकाळी जीपनं निरोप घेऊन माणूस आला, की जानकू मिस्त्री दुपारी गेला. मला त्या रात्री भाकर गेली नाही. गोरक्षभाऊनं मात्र डोक्यावरून पाणी घेतलं आणि म्हणाला, "आता नियम आपल्याला पाळाय लागंल."

त्यानंतर त्याचं ते हात लावणं बघायला मला नको वाटायचं. दोन हजार साली एका पुलाच्या खांबाला हात लावून तो म्हणाला, "ह्यात चप्पल हाय." मी हसलो. खांब फोडला तर दीड हात आत बाईच्या पायातली एक चप्पल निघाली, लाल पट्ट्याची. कामावरच्या सगळ्या बायकांना विचारलं, कुणाचीच नव्हती. गोरक्षभाऊनं ती धुतली आणि नदीला सोडून आला. कुठून आली, कुणाची, हे मला आजही ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही.

पुढं पुण्याच्या एका कंपनीनं त्याला ठेवून घेतलं. त्याचा स्लॅब कधी गळत नाही आणि खांब कधी झुकत नाही हे साहेब लोकांच्या कानावर गेलं होतं. दोन हजार चार साली नारायणगाव-येडगाव रस्त्याला द्राक्षं आणि टोमॅटो ठेवायच्या मोठ्या शीतगृहाचं काम निघालं, तेव्हा चौथी पास गोरक्षभाऊ त्या कामाचा प्रोजेक्ट मॅनेजर झाला. पांढरं हेल्मेट, कमरेला मोबाइल, आणि पायात तेच टायरचं जोडं. मी त्याच्या हाताखाली सुपरवायझर. जळायचो का? जळायचो की! सर्टिफिकेट माझ्याकडं आणि मॅनेजर तो. पण माझं त्याच्याशिवाय पानही हलत नव्हतं, हेही खरं. माझा पाय मोडला होता तेव्हा ह्या माणसानं मला पाठकुळी घेऊन दवाखान्यात नेलं होतं.

नोव्हेंबरात कंपनीचा एक फॉर्म आला, इंग्रजीत. सगळ्या प्रोजेक्ट मॅनेजरना काय शिकण्याची गरज आहे आणि कशा पद्धतीनं शिकायला आवडेल, त्याची पाहणी. गोरक्षभाऊनं तो माझ्याकडं दिला. "वाच, हौशा. आन मी सांगतो ते भर."

मी वाचलं. कोणत्या विषयात प्रशिक्षण हवं? वेळेचं नियोजन, खर्च, सुरक्षितता, करारमदार, कॉम्प्युटर, इतर.

तो म्हणाला, "इतरमदी लिही. वरच्या सायबाला न्हाई कसं म्हनायचं, ते शिकवा म्हनावं. बाकी समदं येतं मला, तेवढं येत न्हाई. सायब समोर आला की माझी जीभ टाळूला चिकटती."

"बरं. शिकायची पद्धत? व्याख्यान, चित्रफीत, गटात चर्चा, कॉम्प्युटरवर, प्रत्यक्ष कामावर."

"हातावर हात ठिवून."

"असं लिहायला जागा नाही, भाऊ."

"मंग समासात लिही."

त्याच्या डोळ्यादेखत मी 'बरं' म्हटलं आणि नंतर घरी बसून फॉर्म भरला. म्हटलं, हे असलं लिहिलं तर पुण्यात आपलं हसं होईल. मी 'वेळेचं नियोजन'वर खूण केली आणि पद्धतीत 'व्याख्यान'वर. त्याची सही तर आधीच होती. एवढीशी गोष्ट. लोक ह्याहून मोठी पापं करून गोड जेवतात.

एक जानेवारीला शीतगृहाचा मोठा स्लॅब भरला. त्या वर्षी थंडी अशी पडली की बागाईतदार पहाटे द्राक्षबागांच्या बांधांवर शेकोट्या पेटवून बसायचे, मणी तडकू नयेत म्हणून. सूर्य उगवला तरी सगळ्या शिवारात धूर जमिनीलगत पसरून राहायचा आणि आमच्या बल्ल्यांच्या रांगांत शिरायचा. दहा पावलांवरचा माणूस कमरेपासून वरच दिसायचा.

पाचव्या-सहाव्या दिवशी झुंबर मला म्हणाली, "सकाळच्याला कोन येतं वो माझ्या आदी?"

"कुणी नाही. का?"

"मी वर पाणी सोडती तर खाली कोनतरी बल्ल्या वाजवत असतं. टक. मंग पुढची, टक. एकेक करून समद्या रांगा. मी जिन्यानं खाली आली की बंद."

मी तिला म्हटलं, लाकूड थंडीनं आखडतं, त्याचा आवाज असेल. गोरक्षभाऊ शेजारी उभा होता. त्यानं तिला वेगळंच विचारलं. "वैनी, समद्या रांगा वाजवतो का?"

झुंबर आठवून म्हणाली, "मधल्या तीन सोडून. तितं यिऊन थांबतो. लई वेळ थांबतो. मंग पलीकडनं सुरू."

गोरक्षभाऊ मधल्या तीन रांगांत गेला, हात लावून उभा राहिला, आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मला म्हणाला, "हौशा, ह्यो स्लॅब थंडीनं निजलाय. पंचवीस दिवसांच्या आत ह्याला हात लावायचा न्हाई."

त्यात संक्रांत झाली आणि पुण्याहून पत्र आलं. वेळेचं नियोजन, दोन दिवसांचं प्रशिक्षण, सतरा आणि अठरा जानेवारी, हजेरी सक्तीची. गोरक्षभाऊनं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "मी तर हे मागितलंच नव्हतं," तो म्हणाला. मी मान खाली घालून वहीत काहीबाही लिहीत राहिलो. जाताना त्यानं नवे बूट घातले होते, ते चावत होते. जीपमधे बसताना माझा दंड धरून म्हणाला, "मी यीस्तवर खोलू नको. तुला सांगून जातोय." मी म्हटलं, "भाऊ, मी काय येडा हाय का?"

अठरा तारखेला सकाळी दहाच्या सुमाराला कंपनीचे साहेब सुमो घेऊन आले. त्यांच्या मागं ट्रेलर, त्यावर शीतगृहाचं थंड करायचं यंत्र. ते आत न्यायचं तर बल्ल्या निघायला हव्यात. मी म्हटलं, गोरक्षभाऊ उद्या येतोय, त्याला विचारून.

साहेब हसले. "हौशीराम, तुम्ही शिकलेले आहात ना? पुस्तकात किती दिवस सांगितलेत?"

"चौदा."

"आज किती झाले?"

"सतरा."

"मग?"

शिकलेले आहात! पंधरा वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मी स्लॅबच्या कडेला गेलो आणि म्हणालो, "खोला."

कुणी हललं नाही. अकरा माणसं होती, सात गडी आणि स्लॅबखालच्या लोखंडी प्लेटा बाहेर वाहायला चार बाया, त्यांतली एक झुंबर. सगळी माझ्याकडं बघत उभी. मी खाली यायची वाट बघत होती ती. मी एक पाऊल टाकलंही, खोटं नाही सांगत. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, "चला हौशीराम, ते करतील त्यांचं. मिसळ खाऊन येऊ, तुमच्याशी जरा बोलायचंय." मी त्या माणसांना म्हटलं, "करा सुरू. मी आलोच." आणि सुमोत जाऊन पुढच्या सीटवर बसलो.

पुढचं झुंबरनं सांगितलेलं. बाकीच्या दहा जणांना वेगवेगळं विचारलं तरी हेच सांगतात.

"तुमी परत येताल म्हनून आमी सुरू केलं. पयली रांग निघाली, दुसरी निघाली. तिसरीला हात घातला आन बगती तर गोरक्षभाऊ मधोमध उबा. हात वर, डोळं मिटल्यालं. मी म्हनलं, भाऊ, कवा आला? तर बोलंना. गळ्यात निळ्या दोरीचं कारड. पायात नुसतं मोजं. वरनं समदीकडं पाणी गळत व्हतं, पन त्याच्या अंगावर थेंब न्हवता वो! मंग त्यानं डोळं उगाडलं आन आमच्या तोंडाकडं बगाय लागला, एकेकाच्या. ज्याच्याकडं बगंल तो हातातलं टाकून भाईर चालाय लागायचा. माझ्याकडं बगितलं तवा माझं पायच निगालं, मी न्हाई चालली. आमी समदी उन्हात आलो. आन भाऊ तितंच. आमी वरडलो, भाऊ, या भाईर! तर त्यानं मान हालवली. रस्त्याकडं बगत व्हता, मान उचलून उचलून, कोनाची वाट बगावी तसा. आन मंग आला वो स्लॅब खाली."

आम्ही मिसळ खाऊन परतलो तेव्हा धूळ अजून खाली बसली नव्हती. मधला सगळा भाग खाली आला होता. आणि अकरा माणसं त्या ढिगाऱ्यावर हातांनी सिमेंट उपसत होती. झुंबरची नखं फाटली होती. "भाऊ खाली हाय! काय बगत उबं ऱ्हायला, भाऊ खाली हाय!" ती मला ओरडली. मीही उपसायला लागलो. साहेबांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्यांनी पुण्याला फोन लावला. तिकडून सांगितलं, गोरक्ष? ते इथेच आहेत, सकाळपासून हॉलमधेच होते. त्यांना अर्ध्या तासापूर्वी झटका आला, आत्ताच दवाखान्यात नेलं.

मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, की तो पुण्यात आहे. कुणी थांबलं नाही. दिवस मावळेपर्यंत उपसलं. खाली कुणी नव्हतं.

आता माझी खरी लाज ऐका. कंपनीला अहवालात लिहायला काहीतरी हवं होतं. पुण्यात बसलेल्या माणसानं नारायणगावात मजूर बाहेर काढले, असं लिहिता येत नाही. साहेबांनाही आपण काय बोललो ते लिहायचं नव्हतं. म्हणून असं लिहिलं, की सेंट्रिंगचं, म्हणजे आधाराचं, लाकूड कमजोर निघालं आणि सुपरवायझर हौशीराम यांनी स्लॅबखाली स्वतः उभं राहून, प्रसंगावधान राखून अकरा मजुरांना वेळीच बाहेर काढलं. साहेबांनी पेन पुढं केलं. मी सही केली. घरी आल्यावर झुंबरनं ताट वाढलं आणि पलीकडच्या खोलीत जाऊन बसली. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

गोरक्षभाऊचा उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, लकवा. खांद्यापासून बोटांपर्यंत गार, टोचलं तरी कळेना. कंपनीनं त्याला घरी पाठवलं. एप्रिलात त्याच्या जागी मला घेतलं आणि वर्षभरानं प्रशिक्षणाला धाडलं, त्याच हॉलमधे.

तिथं तेजस्विनी मॅडम शिकवायच्या. माझ्या गावाचं नाव ऐकून त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत थांबवलं. म्हणाल्या, "मागच्या वर्षी तुमच्याकडचे एक गृहस्थ आले होते. बूट चावतात म्हणून काढून, मोजे घालून बसलेले. मी एक प्रयोग घेते. डोळे मिटा, हात पुढं करा आणि तुमची साइट डोळ्यांसमोर आणा, पाच मिनिटं. सगळ्यांनी डोळे उघडले, त्यांनी उघडले नाहीत. त्यांचा हात पुढं नव्हता, सरळ वर होता, तळवा पंख्याकडं. वर्ग हसत होता. मी त्यांना हलवलं, तर ते इतके जड लागले की खुर्चीसकट हलले नाहीत. आणि त्यांच्या हातावर," मॅडम थांबल्या, "जाऊ दे. तुम्हाला खरं वाटणार नाही."

"चार पांढरी बोटं होती का?" मी विचारलं.

मॅडमनी डबा मिटला आणि त्या उठून वर्गाकडं निघाल्या. नंतर मी ऑफिसात त्याच्या नावापुढचा शेरा वाचला: 'सत्रात झोपले. शिकण्याची वृत्ती नाही.'

तीन वर्षं मी त्याच्या वस्तीकडं फिरकलो नाही. येडगावला काम निघालं तर दुसऱ्याला पाठवायचो. दोन हजार आठ साली कंपनीनं नवीन काढलं, की जुन्या जाणत्या माणसांना साइटवर आणून नव्या मॅनेजरांना शिकवायचं. साहेबांनीच गोरक्षभाऊचं नाव काढलं. मग मला जावंच लागलं.

तो अंगणात बाजेवर बसला होता. पुन्हा वीसेक मेंढरं केली होती. उजवा हात फडक्यात बांधून पोटाशी धरलेला. मला बघून त्याला आनंद झाला, आणि हेच मला सोसवलं नाही. "ये हौशा! लई दिसांनी! वैनी बरी हाय का? नखं आली का तिची?"

मी कंपनीचा निरोप सांगितला. तो हसला. "काय शिकवू आता? हातच गेला."

मेंढरं उन्हात बसून रवंथ करत होती. माझ्या तोंडून निघून गेलं. "भाऊ, त्या दिवशी तुमी खरंच तितं व्हता का?"

"व्हतो की."

"कसं?"

"ते मला ठाव न्हाई. त्या बाईनं डोळं मिटाय सांगितलं आन मिस्त्रीनं हात ठिवला. लई वर्सांनी ठिवला. डोळं उगाडलं तर मी स्लॅबखाली." तो धरणाच्या पाण्याकडं बघत बोलत होता, बाजारहाटाची गोष्ट सांगावी तसा. "समद्यांची तोंडं बघितली. अकरा. समदी भाईर गेली. एक कमी पडत व्हतं."

अहवाल, सही, तीन वर्षांचा पगार, सगळं डोळ्यांसमोर आलं, आणि तरी मी काय बोललो असेन? "मी त्या कडंच्या अंगाला व्हतो, भाऊ. खांबाआड. तुमाला दिसलो नसंन."

त्याच्या तोंडावर असं समाधान पसरलं की मला तिथंच मरावंसं वाटलं.

"व्हय ना? मला वाटलंच!" तो म्हणाला. "खोला म्हनल्याला आवाज तुजा व्हता, तो मी वळखला. म्हनलं, ज्यानं खोला म्हनलं तो खालीच असनार, दिसंना झाला तरी हितंच कुटंतरी असनार. वर कडकड सुरू झाली. मिस्त्री माझा हात वडत व्हता, चल म्हनत व्हता, चल आता. मी म्हनलं, थांबा मिस्त्री, माझा हौशा ऱ्हायलाय."